रघूची पांढरी गाडी आणि सोमवारची मिरची

"सोमवारी संध्याकाळी बघाच! लालबागमध्ये नवरा-नवरीची गाडी म्हटलं की लोक माझ्याच दाराशी येतील!"

रघूने चाळीच्या जिन्यात उभं राहून जाहीर करून टाकलं. आवाज त्याचा मूळचाच मोठा. अर्धं आयुष्य गिरणीच्या लूमखात्यात, मागांच्या खडखडाटात गेलेलं, आणि तिथे साध्या आवाजात बोललेलं कुणाला ऐकूच जात नसे.

पण संपात गिरणी गेली ती गेलीच. संप संपल्याचं कुणी येऊन सांगितलं नाही, तशी कामावर या म्हणूनही कुणाची हाक आली नाही. त्यानंतर घर चालवलं ते त्याच्या बायकोने, सुभद्राने. ती मिरच्या आणायची, भाजायची, गल्लीतल्या डंखावर, म्हणजे कांडपयंत्रावर, कांडून घ्यायची आणि मालवणी मसाला पार अँटॉप हिलपर्यंत घरोघर पोचवायची. डबे उचलायचं काम रघूचं. पोरं त्याच मसाल्यावर शिकली. रघूला बायकोचा अभिमान होता, नाही असं नाही. पण नाक्यावर कुणी "तुम्ही मसालेवाल्या सुभद्राबाईंचे मिस्टर ना?" म्हटलं की बिचाऱ्याचा चेहरा उतरायचा. पूर्वी लोक त्याला त्याचं खातं विचारायचे!

म्हणून ही गाडी. लग्नासाठी भाड्याने द्यायची. हा धंदा त्याचा स्वतःचा, आणि मुख्य म्हणजे त्याला मिरचीचा वास नसणार! एक जुनी मारुती पदरात पडली होती. पण नुसत्या मारुतीत कुठली नवरी बसणार? तेव्हा तिला बॉडी किट: पुढेमागे फायबरचे बंपर, दारांखाली झालरीसारख्या पट्ट्या आणि डिकीवर एक पंख. पहिलं गिऱ्हाईकही ठरलं होतं. गिरगावचे शरच्चंद्रराव मुलीच्या लग्नासाठी गाडी बघायला सोमवारी संध्याकाळी येणार होते. त्यांची अट एकच, गाडी पांढरीशुभ्र पाहिजे.

कामाला होता लवू, रघूचा गिरणीतला दोस्त. संपानंतर तो परळच्या कारखान्यात गणपतींच्या मूर्तींवर स्प्रे मारायला लागला होता. "अरे, बाप्पाच्या सोंडेवर एक ठिपका पडू देत नाय मी. तुझी मारुती काय चीज आहे!"

पहिली अडचण किटनेच केली. ते निघालं दुसऱ्याच कुठल्या तरी थोराड गाडीचं. चाळीच्या अंगणात लवूने घासलं, रघूने ठोकलं, फटींत पुट्टी भरभरून दोघांनी ते एकदाचं बसवलं. मारुती आता थोरलीचा परकर नेसलेल्या धाकटीसारखी दिसायला लागली.

"रघूभाऊ, ती चालणार आहे की नुसती मखरात बसणार?" वरच्या गॅलरीतून कांताबाईंनी विचारलं. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"चालेल हो! तुमच्या मुलीच्या लग्नाला हीच सांगाल!"

रंगासाठी सोमवार निवडला, त्यालाही कारण होतं. सोमवारी गल्लीतले डंख बंद, म्हणजे हवेत मिरचीची धूळ नाही. रघूने सगळा विचार केला होता. फक्त बायकोला विचारलं नव्हतं. गाडी पांढरीशुभ्र झाल्यावरच तिला दाखवून चकित करायचं होतं ना! नाहीतर तिने एका वाक्यात सांगितलं असतं, की चैत्र-वैशाखात, ऐन मसाल्याच्या हंगामात, डंखाला कसली आलीय सुट्टी?

दुपारी शेवटचा हात मारून झाला. गाडी अशी पांढरी दिसत होती, की रघूला धुलाई खात्यातून आलेल्या कोऱ्या ताग्याची आठवण झाली. त्याला हात लावावासा वाटला, पण लवूने तो वरच्या वर धरला.

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे आवाज सुरू झाला. धडाड, धडाड, धडाड!

"लवू, आज सोमवार ना रे?"

"सोमवारच!"

भिंतीवरून लालसर ढग सावकाश खाली उतरला.

"चादर आण! चादर!" दोघांनी चादरीची टोकं धरून गाडीपुढे अंतरपाट धरला. ढग वरून आला! लवूच्या नाकात गेला, लवू शिंकला, आणि त्याच्या दुसऱ्या हातातली स्प्रेगन सुटली ती थेट वर, कांताबाईंच्या वाळत घातलेल्या साडीवर!

"मेल्यांनो! नवी साडी माझी!"

"पांढरा शुभ असतो, वहिनी!" लवू ओरडला आणि पुन्हा शिंकला. घाबरून त्याने थिनरचा बोळा गाडीवर फिरवला. पांढऱ्यात लाल मिसळलं. बॉनेट गुलाबी झालं.

अशा वेळी, ठरल्यापेक्षा जरा लवकरच, शरच्चंद्रराव दाखल झाले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पंखावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि चष्मा वर करून त्याच हाताने डोळे चोळले.

"मी पांढरी म्हणालो होतो."

"साहेब, हा नवीन शेड आहे," लवूने ठोकून दिलं.

"हिला फोडणीचा वास येतोय!" शरच्चंद्रराव म्हणाले आणि निघून गेले.

लवू कांताबाईंची समजूत काढायला जिना चढला. रघू गाडीत जाऊन बसला आणि त्याने दार लावून घेतलं. गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं तेव्हा तो रडला नव्हता. त्याच्या लूमचं लोखंड भंगारात गेल्याचं कळलं, तेव्हाही लोकांना धीर देत हिंडला होता. आता एका गुलाबी मारुतीत बसून त्याच्या डोळ्यांतून जे पाणी वाहू लागलं, ते थांबेचना.

शेजारचं दार उघडलं. सुभद्रा आत येऊन बसली. थेट डंखावरून आलेली, डोक्यापासून पायापर्यंत लाल.

"तुमच्या डोळ्यांक काय झाला?"

"मिरची गेली गो. तुमच्या डंखाची."

सुभद्रा काचेतून गुलाबी बॉनेट बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आज सगळी काश्मिरीच कांडली. ती नुसती रंगाची. ती झोंबणा नाय. झोंबता ती शंकेश्वरी."

रघूने तोंड खिडकीकडे फिरवलं. इतक्या वर्षांत तिने त्याचे डोळे असे भरलेले पाहिलेच नव्हते. तिने कमरेला खोचलेला पदर काढला आणि मायेने त्याचे दोन्ही डोळे पुसले.

"आई गं! मेलो, मेलो!" रघूची ती किंकाळी लूमखात्यातसुद्धा ऐकू गेली असती.

सुभद्राने पदराचं टोक उलटंसुलटं करून बघितलं.

"अगो बाई," ती म्हणाली, "ही कालची शंकेश्वरी."