दगडोबा सिनेमा बघायला जातो

एका जंगलात, बाळांनो, दुपार झाली होती आणि सगळी वानरं एकमेकांच्या उवा काढत बसली होती. कळपाचा हुप्प्या दगडोबा पालथा पडून पाठीवरच्या उवा काढून घेत होता. तेवढ्यात साळुंकी ओरडत आली.

“अहो दगडोबा, तुमचा टिकल्या सिनेमात आलाय!”

“कोण टिकल्या?” दगडोबा म्हणाला. पण उठून बसला.

वानरांची एक रीत असते. मुलगा वयात आला की बापानं त्याला चावून कळपाबाहेर काढायचं. दगडोबानं टिकल्याच्या बाबतीत ती नीट पाळली होती. टिकल्याबरोबर त्याचे दोन दोस्त, लंब्या आणि चिंगाट, आपणहून गेले. त्यांना तर अजून कुणी चावलंही नव्हतं!

कोल्ह्यानं या तिघांवरच सिनेमा काढला होता. संध्याकाळी सगळं जंगल माळावर जमलं. पडद्यावर तिघं वाघाची शेपटी ओढून पळत होते. एक आंबा तिघांत खात होते आणि कोयीवरून भांडत होते. लंब्याला ताप आला, तेव्हा दोघं त्याला चिकटून झोपले.

“काय गुणी पोरं!” अस्वलीण म्हणाली. मध चोरला म्हणून परवाच तिनं त्यांना दगड मारले होते.

शेवटी सिनेमातला बाप पोराला मिठी मारतो. ते काम एका म्हाताऱ्या माकडानं केलं होतं. दगडोबा हुंदके देऊन रडला.

पडद्यामागच्या चिंचेवरून आवाज आला, “बाबा, तो बाप तुमच्यापेक्षा बरा आहे हं!”

“त्याचे दात पडलेत ना!” चिंगाट म्हणाला.

फांदीवर बसून टिकल्या पाठ खाजवत होता. मधोमध, जिथं स्वतःचा हात पोचत नाही तिथं. त्याच्या दोस्तांना सगळं यायचं, उवा तेवढ्या काढता येत नव्हत्या.

दगडोबाचा हात पुढे झाला. मग त्याच्या लक्षात आलं, अख्खा कळप आपल्याकडे बघतोय. त्यानं दात विचकले.

अस्वलिणीनं डोळे पुसले आणि दगड उचलला.

“पळा रे,” लंब्या ओरडला, “सिनेमा संपला!”

दुसऱ्या दिवशी दगडोबा पुन्हा पहिल्या रांगेत होता.

तात्पर्य: मुलगा बंडखोरच असावा. म्हणजे त्याला हाकलता येतं, आणि त्याच्यावरचा सिनेमा बघून पोटभर रडता येतं. रडून झालं की त्याच्या पाठीच्या उवा काढायला त्याला बोलवावं. दगडोबानं अजून बोलावलेलं नाही.