धागोजीची सुंदर सकाळ

एका जंगलात, अगदी ओढ्याच्या काठाला, एक वाकडी बाभूळ होती. काट्यांनी नुसती भरलेली. तुम्ही-आम्ही तिच्याखाली डबा खायलासुद्धा बसणार नाही. पण सुगरण पक्ष्यांना तीच आवडायची. काट्यांमुळे साप चढताना दहादा विचार करतो आणि खाली पाणी असल्यामुळे मांजर उडी मारत नाही.

आता बाळांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. नाव सुगरणीचं असलं, तरी खोपा विणतो तो नर. मादी काय करते? ती पाहणी करते. आषाढात एके दिवशी सगळ्या सुगरणी बाभळीवर येतात. लोंबणाऱ्या प्रत्येक खोप्यात शिरतात, आत उलट्या लटकतात, पात ओढून बघतात. पटला तर तिथंच संसार. नाही पटला तर भुर्र. आपल्याकडे स्थळ बघायला जातात ना, तसंच. फक्त पोहे नसतात.

धागोजी हा त्या बाभळीवरचा एक तरुण विणकर. मागच्या साली आवडाबाई नावाची सुगरण त्याच्या खोप्यात आली होती. तिला आकार पसंत पडला, जागा पसंत पडली. मग तिनं एक पात ओढली, आणि खोप्याची अख्खी बाजू उसवून तिच्या चोचीत आली. तरी ती रागावली नाही. "हरकत नाही, पुढच्या साली बघू," एवढंच म्हणाली. तेवढ्या बोलण्यावर धागोजीनं वर्ष काढलं.

या पक्ष्यांची सकाळ कशी असते, ठाऊक आहे? उजाडताना शिंदीची पात दवानं मऊ असते. कडेला चोचीनं खाच पाडायची, टोक धरून उडायचं, की सर्रकन लांबलचक दोरा निघतो. ऊन चढलं की तीच पात कडक होते आणि ओढताच तुटते. म्हणून सुगरण पक्षी डोळे उघडतो तो शिंदीवरच. आळसबिळस वाटेत द्यायचा. धागोजीही तसंच करायचा. आपली सकाळ चांगली की वाईट, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

मग समोरच्या जांभळावर पंचमबुवा आले.

पंचमबुवा म्हणजे कोकीळ. काळे कुळकुळीत, डोळे लालबुंद, एकही पीस इकडचं तिकडे नाही. आवाज तर असा, की 'आज मंगळवार आहे' म्हणाले तरी ऐकणाऱ्याला वाटावं, काय खोल बोलले!

"आपण सकाळी उठून काय करता?" बुवांनी धागोजीला विचारलं.

"पात आणतो."

"त्याच्या आधी?"

"आधी झोपलेला असतो."

बुवांनी डोळे मिटले. त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं. "उठल्या उठल्या काम! अरेरे. मग आपण स्वतःला भेटता तरी कधी?"

धागोजी गडबडला. आपण स्वतःला एकदाही भेटलेलो नाही, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"मागच्या साली आपला खोपा उसवला, असं ऐकलं," बुवा हळूच म्हणाले. "पात कच्ची नव्हती, धागोजी. विणणारा कच्चा होता."

हे मात्र वर्मी लागलं. पाहणीला दहा दिवस होते. धागोजीनं त्याच दिवशी बुवांची दिनचर्या घेतली.

दिनचर्या सोपी होती, फक्त लांब होती. उठल्यावर दवाचे सात थेंब, डावीकडून उजवीकडे, सावकाश प्यायचे. मग एका पायावर उभं राहून श्वास मोजायचे. मग सूर्याचे, ओढ्याचे, बाभळीच्या प्रत्येक काट्याचे आभार मानायचे. 'मी उत्तम विणकर आहे' असं एकवीस वेळा म्हणायचं. आणि शेवटी डोळे मिटून मनात अख्खा खोपा बघायचा, तळापासून दारापर्यंत.

बाभळीला काटे किती असतात, हे बुवांनी कधी मोजलं नसावं.

पहिल्या दिवशी धागोजी शिंदीवर पोचला तेव्हा पात वाळली होती. ओढली, तुटली. दुसरी ओढली, तीही तुटली. तो बुवांकडे गेला.

"उशिरा उठता," बुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो चांदणी असताना उठला. बुवांना आनंद झाला. "वा! आता हाताशी जास्त वेळ आहे. मग आणखी दोन गोष्टी सांगतो."

शेजारच्या फांदीवर गाठेमामा राहायचे. म्हातारे विणकर. त्यांच्या चोचीत कायम एक पात आणि त्या पातीच्या कडेनं एक टोमणा.

"काय रे धाग्या, एका पायावर का? दुसरा दुखावला?"

"नाही मामा. मी स्वतःला भेटतोय."

"भेटला की त्यालाही पात आणायला लाव. तेवढीच मदत."

"तुम्हाला नाही कळायचं, मामा. मी आतून घडतोय."

"घड बाबा. पण आवडाबाई बाहेरून येणार आहे."

खोटं कशाला सांगू? धागोजीला खरंच बरं वाटू लागलं होतं. मन हलकं झालं होतं. पूर्वी पात तुटली की तो चिडायचा. आता चिडत नव्हता. मनातला खोपा तर रोज इतका देखणा होत चालला होता, की फांदीवरच्या खोप्याकडे बघावंसंच वाटेना. फांदीवर काय होतं? एक गाठ आणि अर्धवट कडं.

सातव्या दिवशी त्याला कावळीणकाकू दिसल्या. पिसं विस्कटलेली, चोचीत दोन अळ्या, आणि तिसरी कुठं पडली म्हणून खाली शोधत होत्या.

"काकू, सकाळी थोडा वेळ स्वतःसाठी काढत जा," धागोजी मायेनं म्हणाला.

"काढीन रे बाबा. ही थोरली एकदा उडाली ना, की काढीन. काय भूक आहे पोरीची! बाकीच्या दोघांचं मिळून एकटी खाते."

धागोजीनं घरट्यात डोकावून पाहिलं. थोरलीच्या अंगभर ठिपके होते.

"काकू, ही तुमच्यासारखी दिसत नाही."

"आजोळावर गेलीय," काकू म्हणाल्या आणि अळी भरवून पुन्हा उडाल्या.

बिचाऱ्या! धागोजीला वाटलं. दिनचर्या नाही, म्हणून ही दशा.

पाहणीचा दिवस उजाडला. मन शांत असावं म्हणून धागोजीनं त्याही दिवशी सगळं यथासांग केलं. तो आभारात शेवटच्या फांदीपर्यंत आला होता, तोच पंखांचा आवाज झाला. आवडाबाई! वाटेत दोन चांगले घट्ट खोपे टाकून ती थेट त्याच्याकडे आली होती.

"खोपा कुठाय?" तिनं विचारलं.

"डोळे मिटा."

"का?"

"मिटा तर खरं. दिसेल."

आवडाबाई भली होती. तिनं डोळे मिटले. धागोजी सांगू लागला. तळाशी मऊ कापूस कसा आहे, भिंतीला ओल्या मातीचे गोळे कसे लावलेत, वाऱ्यानं हलू नये म्हणून. दाराची नळी किती लांब आहे. एक पात ओढून बघा, शंभर वेळा ओढा, उसवणार नाही.

"दिसला?" त्यानं विचारलं.

"दिसला," आवडाबाई म्हणाली. "फार सुंदर आहे हो." मग तिनं डोळे उघडले. "पण मी अंडी कुठे ठेवू?"

एकवीस वेळा म्हणायच्या वाक्यात याचं उत्तर नव्हतं.

उत्तर जांभळावरून आलं. "त्यात काय एवढं!" पंचमबुवा म्हणाले. "कावळीणकाकूंकडे ठेवायची. आमची मंडळी दरसाल तिथंच ठेवते. त्याशिवाय का एवढी सकाळ मोकळी मिळते?"

बाभळीवर सगळ्यांचं विणणं थांबलं. काकू तेवढ्यात चोचीत अळी घेऊन वरून गेल्या. त्यांना काही ऐकू गेलं नाही. ऐकायला थांबावं लागतं.

"अहो, मग काकूंच्या सकाळचं काय?" आवडाबाईनं विचारलं.

"त्यांना मुळात दिनचर्येची गोडी नाही," बुवा म्हणाले.

आवडाबाई धागोजीकडे बघत राहिली. 'थांब, आत्ता पात आणतो,' एवढं जरी तो म्हणाला असता, तरी ती थांबली असती. आधी थांबली होतीच की. पण मन हललं की काय करायचं, हे धागोजीला पाठ झालेलं होतं. त्यानं डोळे मिटले आणि श्वास मोजायला सुरुवात केली.

चाळीस झाल्यावर त्यानं डोळे उघडले. फांदी रिकामी होती. गाठेमामांच्या पुतण्याच्या खोप्यातून आवडाबाईची शेपटी दिसत होती. ती आतून पात ओढून बघत होती. पात उसवली नाही.

दुसऱ्या दिवशी जांभळाखाली तोबा गर्दी झाली. मुनिया आल्या, चिमण्या आल्या, ओढ्यापलीकडचे दोन तरुण सुगरणही आले. बुवांनी धागोजीला सगळ्यांत वरच्या फांदीवर बसवलं.

"बघा याच्याकडे," बुवा म्हणाले. "घर नाही. संसार मोडला. वर्ष वाया गेलं. पण चेहऱ्यावर एक रेघ तरी आहे का? याला म्हणतात दिनचर्या!"

सगळ्यांनी माना वर करून पाहिलं. खरंच, एकही रेघ नव्हती. दोघा-तिघांनी तिथल्या तिथं नावं दिली.

धागोजी एका पायावर उभा होता. डोळे घट्ट मिटलेले होते. आणि बाळांनो, डोळे मिटलेले असले की आत काय चाललंय, ते खालून कळत नाही.

तात्पर्य : रोज पहाटे उठावं, शांत बसावं, साऱ्या जगाचे आभार मानावेत. त्यानं आयुष्य निश्चित सुधारतं. फक्त सुरुवात करण्यापूर्वी एखादी कावळीण बघून ठेवावी. आणि जी कावळीण असेल, तिनं या फंदात पडू नये. तिनं आपली अळी शोधावी.