गाठींचं पाणी

वहिनीच्या गर्भाशयातल्या गाठींवर डॉक्टरबाईंनी तीन उपाय सांगितले होते. नणंदेने त्यांतला सर्वांत मोठा निवडला. "पिशवीच काढून टाक. सगळी कटकट एकदाची मिटेल!"

पण वहिनी पाणीखात्यात होती. वीस वर्षं गल्लोगल्ली व्हॉल्व सोडत आलेली. तिसरा उपाय असा होता: मनगटातून बारीक नळी घालायची, गाठींकडे जाणाऱ्या नसा तेवढ्या बुजवायच्या. गाठी उपाशी राहून आकसतात, पिशवी जागेवर राहते. हे ऐकताच ती म्हणाली, "हेच करा. एका नळाची गळती म्हणून कोणी टाकी पाडतं का, वन्सं?"

ठरल्या दिवशी ती दवाखान्यात दाखल झाली आणि तिच्या जागचा बदली माणूस कामावर आलाच नाही. त्यातच शाळेजवळच्या गल्लीत पाइप फुटला. नवरा ग्रंथपाल, तिचे कपडे आणायला घरी गेलेला. "व्हॉल्वची चावी इथंच आहे. मी जातो," तो फोनवर म्हणाला, तेव्हा तिच्या पोटात आणखी एक गोळा आला.

तासाभरात दवाखान्याचे नळ कोरडे पडले. डॉक्टरबाई दारात आल्या. "हात धुवायला पाणी नाही. अर्ध्या तासात आलं नाही, तर तुम्हाला पुढची तारीख दोन महिन्यांनी."

आणखी दोन महिने रक्त जात राहिलं असतं, तर तिला उभंही राहवलं नसतं. तिने फोन लावला.

"अहो, सगळ्या भागाचं मोठं चाक बंद केलंत?"

"घट्ट! बारीक कुठलं ते कळेना. म्हटलं, सगळंच बंद केलं की चूक व्हायला नको."

"भावंडं शोभता खरी! आता ते सोडा. सावकाश, जुन्या पुस्तकाचं पान उलटल्यासारखं."

"सोडलं."

"आता चावीचा दांडा एकेका बारीक व्हॉल्ववर टेका नि वरच्या टोकाला कान लावा. पाणी जिथं जोरात सळसळतंय, तेवढाच बंद करा."

"लोक बघतायत गं."

"बघू देत."

फोनवर चावीची खणखण एका व्हॉल्ववरून दुसऱ्यावर सरकत गेली. मग "सापडला!" अशी आरोळी आली; तसा आवाज त्याने ग्रंथालयात कुणालाही काढू दिला नसता. वॉर्डातला नळ खोकला, थुंकला आणि वाहू लागला. सोबतीला थांबलेल्या नणंदेने आधी दोन बादल्या भरून ठेवल्या.

दुपारी ऑपरेशनच्या टेबलावर वहिनी पूर्ण जागी होती.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाठींचा पुरवठा बंद."

"बाकीच्या घरांना पोचतंय का?"

डॉक्टरबाई थबकल्या. नसा दिसाव्यात म्हणून त्यांनी नळीतून पुन्हा रंग सोडला आणि यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. ती एकेक नस शेवटपर्यंत बघत गेली.

"पोचतंय, बाई," डॉक्टर अगदी हाताखालच्या माणसासारख्या म्हणाल्या.

"मग झाकण लावा."

डॉक्टरबाईंनी तिच्या मनगटावर पट्टी लावली.