सासूबाईंचं पाइन

सासूबाईंनी कुंडी फोटोग्राफरच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जावईबापू, माझा तुमच्यावर विश्वास आहे."

बारा वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं. एरवी सासूबाई त्याच्याशी गोडच बोलत, पण त्यानं बसवलेला नळ त्याची पाठ वळली की प्लंबरकडून पुन्हा बसवून घेत. कुंडीत कमरेएवढं पाइनचं झाड होतं. चार वर्षांपूर्वी, त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला, त्यानंच ते भेट दिलं होतं. आता त्या तीन महिने मुलाकडे निघाल्या होत्या. झाड हिरवंगार परत करायचं आणि एकदा तरी या बाईच्या तोंडून शाबासकी ऐकायची, असं त्यानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"त्याला ऊन भरपूर लागतं हं," बायको म्हणाली.

"उजेडाचं तू मला सांगतेस?"

तसं त्याचंही खरंच होतं म्हणा. वीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढून ज्यानं पोट भरलं, त्याला उजेड कळत नाही असं कोण म्हणेल? स्टुडिओत दोन दांडगे दिवे होते. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की डोळे मिचकावायला लागायचं. झाडाला आणखी काय हवं, म्हणून त्यानं कुंडी पांढऱ्या पडद्याला खेटून ठेवली आणि निर्धास्त झाला.

झाड मात्र उजेडासाठी माना वळवायला लागलं. एक लांबुळकी फांदी रोज थोडी थोडी दिव्याकडे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे सरकत गेली. महिन्याभरानं बँकेतले कॅशियर आपला फोटो घेऊन तणतणत आले. त्यांचा अर्ज परत आला होता आणि वर शेरा होता : 'अर्जदाराने डोक्यावरील वस्तू काढून नवीन फोटो सादर करावा.' फोटोग्राफरनं फोटो निरखून पाहिला. फांदी अगदी कॅशियरांच्या कानातून उगवल्यासारखी दिसत होती. त्यानं माफी मागितली, नवा फोटो फुकटात काढला आणि झाड चार बोटं मागे सरकवलं.

आणखी पंधरा दिवसांनी झाडाची रयाच गेली. सुया फिक्या पडल्या, बोट लावलं की गळायला लागल्या. तेव्हा कुठे त्याला कपाटातलं उजेड मोजायचं यंत्र आठवलं. झाडापाशी धरलं तर पाचशे, आणि पायरीवर उन्हात धरलं तर काटा पन्नास हजारांच्या पुढे. यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यानं ते दोनदा झटकून बघितलं. आकडा काही हलेना. आपल्या डोळ्याला खोली लख्ख वाटते खरी, पण झाड बिचारं दीड महिना अंधारात बसलं होतं.

त्याला इतकं वाईट वाटलं, की दुकानाला कुलूप लावून त्यानं भर दुपारी कुंडी तीन मजले वर गच्चीवर नेली. सहा तास ऊन लागतं म्हणतात ना? आता दिवसभर खा म्हणावं. उपाशी जीवाला वाढताना हात आखडता कशाला घ्यायचा? चार दिवसांनी उन्हाकडची बाजू तांबूस करपली. एका बाजूला जास्त होतंय असं वाटून त्यानं कुंडी फिरवली. पुढच्या चार दिवसांत दुसरी बाजूही खरपूस भाजून निघाली.

शेवटी त्यानं कुंडी नर्सरीत नेली. नर्सरीवाल्यानं ते झाड बघून आधी कपाळालाच हात लावला. "साहेब, पाइनला उघड्यावरचं ऊन हवं हे बरोबर. पण घरात बसलेल्याला एकदम उन्हात ढकलायचं नसतं. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, असं वाढवत न्यायचं. ठेवून जा. शेंडे अजून हिरवे आहेत, पण मी शब्द देत नाही."

सासूबाई यायला महिनाच उरला होता. फोटोग्राफरनं तिथलंच एक डिट्टो तसंच झाड उचललं, उन्हातच वाढलेलं. ते थेट गच्चीवर ठेवलं, रोज पाणी घातलं आणि बायकोला गप्प राहायची शपथ घातली.

सासूबाई आल्या. चपलाही न काढता त्यांनी विचारलं, "झाड?"

त्यानं मोठ्या तोऱ्यात कुंडी समोर आणून ठेवली. सासूबाई झाडाकडे बघतच राहिल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

"जगलं?"

त्यांचा चेहरा पार पडला. मग त्याच म्हणाल्या, "रागावू नका, जावईबापू. चार वर्षं हे धूड रोज सकाळी खोलीतून अंगणात न्यायचं आणि रात्री आत आणायचं. गुडघे गेले माझे. जावयाची भेट, टाकवत नाही. तुमच्या हाताखाली निवडुंगसुद्धा जगलेला नाही, म्हणून तर एवढ्या विश्वासानं तुमच्याकडे ठेवलं होतं."

बायकोनं तोंडाला पदर लावला. आणि फोटोग्राफरला आधी चांगलंच झोंबलं, पण मग एकदम हायसं वाटलं. त्यानं स्टुडिओपासून गच्चीपर्यंत सगळं कबूल करून टाकलं. हे झाड दुसरंच आहे, तुमचं मी जाळलं, म्हणाला.

सासूबाईंचा चेहरा खुलला. "अगदी?"

"पार कोळसा."

"शाबास," त्या मनापासून म्हणाल्या. बारा वर्षांनी मिळालेली ती शाबासकी ऐकून त्याचे डोळे भरून आले. नवं झाड त्यानंच ठेवून घ्यायचं ठरलं, चहा झाला, दुसऱ्यांदा झाला, आणि दाराची बेल वाजली.

दारात नर्सरीवाला उभा होता. कडेवर मूल घ्यावं तशी त्यानं कुंडी घेतली होती. "साहेब, वाचलं की हो तुमचं झाड. शेंड्याशेंड्याला कोंब फुटलेत. आता रोज सहा तास ऊन द्या, पन्नास वर्षं बघायला नको."

कुंडी जमिनीवर ठेवून तो गेला. मग सासूबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत वाकल्या आणि दोन्ही कुंड्या एकेक करून जावयाच्या पायाशी सरकवल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "माझा तुमच्यावर अजूनही विश्वास आहे."