टाळ्यांचा सिनेमा

आमच्या शेजारच्या गोविंदमास्तरांच्या दोरीवर धोतरांपेक्षा सिनेमाच्या पट्ट्याच जास्त वाळत. अमरावतीला बोलपट नुकतेच आले होते. थिएटरचा ऑपरेटर त्यांना तुटलेल्या, काळ्या पट्ट्या देई. शाळेत चित्रकला शिकवून आले की मास्तर बाभळीच्या काट्यानं एकेक चौकट ओरखडत आणि ओरखड्यात रंग भरत. राजा नाही, राणी नाही. नुसत्या रेघा नि ठिपके.

माझं सोमवारी धुणं, मंगळवारी डाळी निवडणं. मास्तरांचा उपद्रव रोज. माझ्या चादरीला त्यांचा निळा रंग लागला तेव्हा मी विचारलं, "यात माणसं कुठं आहेत हो?"

"माणसं कावून पायजेत, वहिनी? बाहेर कमी हायेत काय?"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. घरी मात्र ते एकटेच.

त्या वर्षी माझ्या सासूबाईंना ऐकू येईनासं झालं. गुरुवारच्या भजनात त्यांची टाळी चुकू लागली. बायका हसल्या. सासूबाईंनी भजन सोडलं, मग बोलणंही. वैद्य झाले, तेल झालं, काही उपयोग नाही.

आणि मास्तर भजनाला जाऊ लागले! भजन सांगणाऱ्या यमुनाबाई तणतणत आल्या. "तुमच्या मास्तरले सांगून ठेवा! देवाकडे पायत नाही, आमच्या हाताकडे पायते!"

मी मास्तरांना झापलं.

"हातच पाहून राहिलो ना, वहिनी," ते म्हणाले.

दिवाळीनंतर एका सकाळी ऑपरेटरला पटवून त्यांनी भजनाच्या बायकांसकट आम्हा सगळ्यांना थिएटरात बसवलं. आवाज नव्हता. काळ्या पडद्यावर पिवळा ठिपका फुगला, फुटला. रेघा थरथरल्या. पुन्हा ठिपका.

"मास्तर, हिरो कवा येते?" यमुनाबाई ओरडल्या.

तेवढ्यात माझ्या शेजारी टाळी वाजली. सासूबाई! ठिपका फुटला की टाळी. पुन्हा फुटला, पुन्हा टाळी. मग त्या टाळीवर यमुनाबाईंनीच गुरुवारचं भजन धरलं, मागून सगळ्या बायकांनी. एकही टाळी चुकली नाही.

मी वळून पाहिलं. मास्तर पडद्याकडे पाहतच नव्हते. सासूबाईंच्या हातांकडे पाहत होते.

"मास्तर," सासूबाई सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लय दिवसांनी भजन ऐकलं!"

पुढच्या गुरुवारी त्या भजनाला गेल्या. यमुनाबाईंनी त्यांना समोर बसवलं आणि हात मुद्दाम उंच धरून टाळी दिली.

मी माझं धुणं मंगळवारवर ढकललं. सोमवारी आमची दोरी मास्तरांची.