हात दाखवून

माणसाची खरी किंमत त्याच्या हातांवरून कळते, असं सिस्टरांचं ठाम मत होतं. कष्टाचे घट्टे, दानाची सवय वगैरे त्यांना अभिप्रेत नव्हतं. हात धुतलेत की नाहीत, एवढंच. वॉर्डातल्या जंतूंच्या मागे त्या हात धुवून लागल्या होत्या, आणि त्यासाठी धुवायला लावायच्या मात्र सगळ्यांचे हात. पाठीमागे लोक त्यांना साबणबाई म्हणत. नाव स्वच्छ होतं, म्हणून त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

तरीही ऑपरेशनच्या पेशंटांचे टाके पिकायला लागले. आधी एक, मग दुसरा, आणि आता दाराजवळच्या खाटेवरचे आजोबा. मोठ्या डॉक्टरांनी राऊंडला आजोबांचे टाके अंगठ्याने दाबून पाहिले, "हं" म्हणाले आणि ड्रेसिंग करणाऱ्या धाकट्या नर्सकडे बघितलं. पोरगी नवी, नेमणूक कच्ची.

"हिचेच हात लागतात ना सगळ्यांना?" डॉक्टर म्हणाले. "मग शोधायचं काय आहे त्यात? उद्यापासून दुसरी द्या मला."

पोरीला नखं कापण्यापासून सगळं सिस्टरांनी स्वतः शिकवलं होतं.

"डॉक्टर, उद्या दुपारपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या. "कुणाचे हात अस्वच्छ आहेत ते मी दाखवते. डोळ्यांनी बघा."

बोलून बसल्या खऱ्या, पण रात्री त्यांना झोप लागली नाही.

दाखवायचं ते असं. एक लोशन असतं. एरवी हाताला लागलेलं कळत नाही, जांभळ्या दिव्याखाली मात्र काजव्यासारखं चमकतं. ते ड्रेसिंगच्या ट्रॉलीच्या दांड्याला गुपचूप लावायचं. नंतर ज्याचे हात चमकतील, त्याने ट्रॉली धरून हात धुतले नाहीत. लोशनचा डबा जड, म्हणून सिस्टरांनी थोडं एका रिकाम्या बाटलीत ओतून घेतलं. बेसिनजवळ हात चोळायचं जे औषध असतं, त्याचीच ती जुनी बाटली. सकाळी दांड्याला बोळा फिरवून त्यांनी ती कपाटावर ठेवली.

मग सकाळभर त्या धाकटीकडे बघत राहिल्या. पोरगी ट्रॉली ढकलायची, बेसिनकडे जायची, यायची, पुन्हा जायची. सिस्टरांचा जीव दर वेळी भांड्यात पडायचा आणि ती परत ट्रॉलीला हात लावायची तेव्हा पुन्हा वर यायचा.

"सिस्टर," वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "आजचं औषध जरा चिकट वाटतंय हो."

"चिकट असो नाहीतर खरखरीत, चोळायचं," सिस्टर म्हणाल्या. त्यांचं लक्ष दांड्यावर होतं.

दुपारी पडदे ओढले. मोठे डॉक्टर राऊंड संपवून खुर्ची घेऊन बसले. सिस्टरांनी देवाचं नाव घेऊन दिवा लावला.

"आधी हिचे," डॉक्टर म्हणाले.

धाकटीने हात पुढे केले. बोटं, तळवे, मनगटं, सगळं लखलखत होतं. मुलगी स्वतःच्या हातांकडे दुसऱ्याचे असावेत तशी बघत राहिली.

"मी धुतले होते," ती हळूच म्हणाली.

"दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

सिस्टरांनी घाईघाईने दिवा मावशींवर धरला. मावशी कोपरापर्यंत उजळल्या. मावशी ट्रॉलीला कधी शिवतसुद्धा नसत. आजोबांवर धरला, तर खाटेवर पडल्या पडल्या आजोबांचे दोन्ही पंजे चमकले.

"मी कशाला हात लावला?" आजोबा घाबरले. "मी तर तुम्ही सांगता म्हणून जेवायच्या आधी चोळले तेवढेच."

शेवटी सिस्टरांनी दिवा स्वतःच्या हातांवर धरला आणि धरल्याचा त्यांना लगेच पश्चात्ताप झाला. अख्ख्या वॉर्डात सर्वांत जास्त उजेड त्यांचाच होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसावं.

"माझे बघा," म्हणत डॉक्टरांनी हात दिव्याखाली उलटसुलट केले. ठिपकासुद्धा नव्हता. "याला म्हणतात हात. सिस्टर, पोरीचं काय ते आज संध्याकाळीच उरका. आणि तुमच्याबद्दलही मला वर बोलावं लागेल."

धाकटीला काही सुचेना. हात चमकतायत तर धुवावेत, एवढंच तिला माहीत होतं. ती बेसिनपाशी गेली आणि तिने बाटली दाबली. सिस्टर दिवा हातात तसाच धरून समजूत घालायला मागोमाग गेल्या, आणि पोरीच्या तळहातावर पडलेला औषधाचा गोळा दिव्यासारखा पेटला.

"मावशी," सिस्टरांनी आवाज शक्य तितका शांत ठेवून विचारलं, "ही बाटली इथं कुणी लावली?"

"मी लावली. आधीची सकाळीच संपली. तुम्हीच म्हणता ना, बेसिनवर रिकामी बाटली दिसली तर माझ्याशी गाठ आहे? कपाटावर भरलेली दिसली, लावून टाकली."

हिशोब सोपा होता, पण तो मोठ्याने मांडायची कुणाची छाती होईना. सकाळपासून जो जो बेसिनपाशी गेला, तो तो चमकत होता. एकेक मान वळत गेली आणि मोठ्या डॉक्टरांच्या हातांवर येऊन थांबली. ते हात अजून दिव्यासाठी पुढे केलेले होते.

"डॉक्टर," आजोबा कौतुकाने म्हणाले, "सकाळी त्या पलीकडच्या सगळ्यांचे टाके दाबलेत, मग माझे दाबलेत, तरी हाताला काही म्हणजे काही लागलं नाही तुमच्या."

डॉक्टरांनी हात खिशात घातले. सिस्टरांनी दिवा बंद केला आणि पडदे उघडले.

"पोरीचं राहू द्या तूर्त," डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाले. "मी रोज घरूनच धुवून येतो."

त्यांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि तिथून वॉर्डापर्यंत ते मोटारसायकलच्या मुठी धरून येत.