जादूगारणीच्या किरकोळ रजा

हेडक्लार्कांनी रविवारी सकाळी एक तास खाली बसायचं ठरवलं, एवढंच. खाली म्हणजे सतरंजीवर, लेकीसमोर, तिचा तो खेळ खेळायला. एकतीस वर्षं खुर्चीवरून लोकांना 'उद्या या' सांगितलेल्या माणसाला मांडी घालायलाच चार मिनिटं लागली.

लेकीने शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं आणि आठ महिने घरात बसून हा खेळ बनवला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. ती गोष्ट सांगणार, आपलं पात्र काय करतं ते खेळणाऱ्यांनी सांगायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. हेडक्लार्कांच्या मते हे काम नव्हे. (काम म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं: जे करताना कंटाळा येतो ते.) कॉलेजात परत जायचा फॉर्म त्यांनी परस्पर भरूनही ठेवला होता. फक्त तिची सही बाकी होती. मोठ्या माणसांना पोरांचं भलं हवंच असतं, पण ते आपल्या अक्षरात भरलेलं.

"एकच डाव," ते म्हणाले. "तुझ्या त्या ड्रॅगनला आम्ही मारलं, तर वर्षभर मी तोंड उघडणार नाही. आम्ही मेलो किंवा पळालो, तर उद्या सकाळी सही."

"लिहून द्या."

त्यांनी दिलं. तीन प्रतींत.

म्हणजे हरण्यातच त्यांचा विजय होता. दोन वार फुकट घालवायचे, मरायचं, आंघोळीला जायचं. इतकं सोपं काम त्यांच्या टेबलावर उभ्या जन्मात आलं नव्हतं.

घोटाळा पात्रं वाटताना झाला. हेडक्लार्कांनी योद्धा घेतला, कारण चित्रातल्या माणसाला पोट नव्हतं. त्यांची बायको हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर बसायची; तिने जादूगारीण घेतली, कारण त्यात एका जागी उभं राहून काम होत होतं. मेहुणा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. तो चोर झाला.

पहिल्याच दालनात चार राक्षस. हेडक्लार्कांनी आयुष्यात पहिल्यांदा तलवार चालवली.

"एकाला खरचटलं," लेक म्हणाली.

"मी यांना झोपवते," बायको म्हणाली. 'डॉक्टर राउंडला गेलेत, बसून घ्या' म्हणावं तशी. चारही राक्षस घोरायला लागले.

पुढे कुलूपबंद दार आलं. बायकोने मंत्र म्हटला, दार उघडलं. मग नदी आली. बायकोने सगळ्यांना हवेतून पलीकडे नेलं. योद्धा चिलखतासकट ट्रंकेसारखा लोंबकळत गेला.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "तुम्ही फक्त पिशव्या सांभाळा."

शहाणा माणूस गप्प बसला असता. पण हेडक्लार्कांना जगात एकच गोष्ट सहन होत नसे: मागून येऊन कुणी पुढे जाणं.

"हिला काय हवं ते करता येतं, आणि मला एक तलवार? वर हे चिलखत!"

"बाबा, योद्धा असाच असतो."

"असाच म्हणजे? हा अन्याय आहे. याला बॅलन्स म्हणतात?"

"नाही जमलाय मला बॅलन्स," लेक चिडून म्हणाली. "महिनाभर डोकं आपटतेय. तुम्ही सुचवा."

(हेडक्लार्काला कधीही 'सुचवा' म्हणू नये.) दहा मिनिटांत परिपत्रक तयार. मंत्रांना किरकोळ रजेचे नियम लागू. एका मोहिमेत आठ मंत्र. संपले की संपले. सलग दोन घेता येणार नाहीत, मध्ये एक पाळी रिकाम्या हाताने हजर राहावं लागेल. योद्ध्याला मात्र प्रत्येक वारामागे फाशाच्या आकड्यात एका गुणाची वेतनवाढ.

लेकीने ते दोनदा वाचलं. "हे चांगलंय," ती म्हणाली. बापाच्या कुठल्याही कागदाला तिने हे पहिल्यांदाच म्हटलं होतं.

"चार राक्षस, एक दार, एक नदी. माझे सहा तर वापरून झाले," बायको म्हणाली.

"नोंद आहे. उरले दोन."

आणि मग योद्धा सुटला. वेतनवाढीवर वेतनवाढ! त्याने फाटक तोडलं, दोन दैत्य आडवे केले, तिसऱ्याला दम देऊन पळवला. हेडक्लार्क गुडघ्यावर उभे राहून फासा टाकू लागले. आपण हरायला बसलोय हे ते साफ विसरले होते.

शेवटी ड्रॅगन आला. त्याने शेपटीच्या फटक्यात चोराला संपवलं. मेहुणा सतरंजीवर खरोखरच आडवा झाला. बायकोने सातवा मंत्र टाकला, एक पाळी नुसती हजर राहिली, मग ड्रॅगनच्या आगीत सापडली आणि पडता पडता आठव्या मंत्राने वीज पाडली. लेकीने हिशेब केला, पेन्सिल थांबवली, बापाकडे पाहिलं.

"त्याच्या जिवाचे चार गुण उरलेत. बाबा, तुम्ही एकटेच उभे आहात."

वेतनवाढी इतक्या साठल्या होत्या, की एक सोडून काहीही पडलं तरी वार लागणार होता. आणि तेव्हा हेडक्लार्कांना फॉर्म आठवला. 'मी पळतो' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

"राहू द्या भावोजी," मेहुणा पडल्यापडल्या म्हणाला. "ताईने केलं तेवढं पुष्कळ झालं."

"ताईने?"

फासा कपाटाखाली गेला. हेडक्लार्क पोटावर झोपून पाहू लागले. तीन.

"मेला!" लेक ओरडली. "बाबा, तुमच्या योद्ध्याची लेव्हल वाढली!"

ते फूटपट्टी परजत खोलीभर असे नाचले, की खालच्या मजल्यावरची बाई 'कोण पडलं?' विचारत वर आली. भान आलं तेव्हा लेकीने फॉर्म उलटा करून कोऱ्या बाजूवर रजेचे नियम उतरवून घ्यायला सुरुवात केली होती.

"काठावर जिंकलो," ते धापा टाकत म्हणाले. "चारच गुण उरले होते त्याचे."

"उरले नव्हते. आईच्या विजेनेच मेला होता तो. चार मी वाढवले."

"का?"

"नाहीतर तुम्ही रुसून जेवला नसतात."

"आणि मी पळालो असतो तर? तुझं वर्ष गेलं असतं!"

"तुम्ही? मामासमोर?"

मेहुणा उशीत तोंड खुपसून हसत होता. हेडक्लार्कांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग हळूच विचारलं, "माझी लेव्हल वाढली, ते तरी खरं ना?"

"ते खरं. पहिलीवरून दुसरी."

"आणि हिची?"

लेकीने लिहिणं थांबवलं. "बाबा, आधी जेवून घेता का?"